आक्काच्या खाचरातून नेलेली गाडी

अंबाजी पिंगळ्याच्या गोठ्यात गुरं नाहीत, रेल्वे आहे.

शेवटची बैलजोडी विकली त्या साली त्यानं गव्हाण उखडली, जमीन सारवून घेतली आणि तुंगार्लीच्या बंगल्यातून मोडीत निघालेली दोन दारं विटांवर आडवी टाकली. त्या दारांवर हळूहळू आंदर मावळ उगवला. गोणपाटाला शेणचिखल थापून डोंगर झाले, हिरव्या रंगात भिजवलेल्या लाकडाच्या भुशाची भातखाचरं झाली. रूळ झाले छत्रीच्या काड्यांचे. मावळात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही. गणपती उठले की घराघराच्या वळचणीला एकेक लंगडी छत्री लोंबत असते. तिची काडी आतून पन्हळीसारखी असते, चाकाची कड तिच्यात नेमकी बसते. तुंगार्लीच्या तळ्यावर पर्यटक कुल्फ्या खाऊन काड्या फेकतात, त्या रुळांखालच्या पट्ट्या झाल्या. टॉर्चच्या नळीचं इंजिन, तेलाच्या पत्र्याचे डबे.

आणि गाडी चालायचीसुद्धा. बायको वारल्यापासून तिचं शिलाईचं मशीन कोपऱ्यात पडून होतं. त्याचं पायडल अंबाजीनं दारांखाली बसवलं आणि मासे धरायचा तंगूस इंजिनाला बांधला. पायडल मारलं की तंगूस चाकावर गुंडाळला जाई आणि गाडी कामशेतहून निघून खडकवहाळपर्यंत, म्हणजे गावापर्यंत, येई. परत मात्र हातानं उचलून न्यावी लागे.

“जाती आपल्या पायानं, पर माघारी आणायला धरावं लागतं,” शेजारचा हौशीराम म्हणायचा. “आमच्या जावयागत.”

हसायचे सगळे. पण ही गाडी काही अंबाजीच्या मनातली नव्हती. गोऱ्या साहेबाच्या काळात धरणाला दगड-चुना न्यायला कामशेतपासून ही छोटी लाईन टाकली होती. धरण झालं, मग तिच्यातून भात जायला लागलं आणि भाताच्या पोत्यांवर बसून माणसं. खिंडीच्या चढाला इंजिनाचा दम तुटायचा. मग माणसांनी उतरायचं आणि खांदा द्यायचा. म्हणून तिचं नाव ढकली. अंबाजी नुकता शाळेत जायला लागला होता तेव्हा ती उखडली. त्याचा बाप भिमाजी तिच्यावर गँगमन होता. ज्या हातांनी खिळे ठोकले, त्याच हातांनी त्याला ते उपटावे लागले. त्यानंतर म्हातारा फार बोलायचा नाही.

रूळ म्हणायला लिलावात गेले. पण मावळातलं लोखंड मावळाबाहेर सहजासहजी जात नाही. भैरवनाथाच्या देवळाच्या तुळया बघा, गोरखच्या विहिरीवरचा आडवा रूळ बघा. निम्मी ढकली अजून गावातच आहे, फक्त उभी-आडवी झाली आहे.

अंबाजीनं उमेदीची सगळी वर्षं तुंगार्लीच्या एका बंगल्याची राखण करण्यात घालवली. मालक वर्षातून चारदा यायचे, बाकीचे दिवस बंगला अंबाजीचा आणि माकडांचा. मालकाच्या नातवाची एक खेळण्यातली रेल्वे होती. नातू मोठा झाला, परदेशी गेला, रेल्वे खोक्यात राहिली. दुपारची वेळ, दारंखिडक्या लावलेल्या, आणि चांगला मिशीवाला बाप्या फरशीवर पालथा पडून ती गोल गोल फिरवतो आहे, हे कुणी पाहिलं नाही म्हणून बरं. बंगला विकला गेला तेव्हा ते खोकंही सामानाबरोबर गेलं. मागायचं अंबाजीच्या जिभेवर आलं होतं. मागितलं नाही. मागणं त्याला कधी जमलंच नाही, आणि नाही म्हणणंही.

घरी आल्यावर त्यानं ढकलीची वाट धुंडाळायला घेतली. काठी घेऊन एकटाच निघायचा. ओढ्यात पुलाचा घडीव दगडांचा एक पाय उभा होता, त्याच्या डोक्यावर पिंपळ. खिंडीत कापलेल्या कड्यावर सुरुंगाची भोकं अजून दिसत होती. पाण्याच्या टाकीचा चौथरा सापडला, त्यावर बाया नाचणीचे पापड वाळत घालायच्या. म्हाताऱ्यांना विचारलं की ते हौसेनं वावरात घेऊन जायचे आणि टाच आपटून दाखवायचे, “हितं. ह्या हितनं.” अंबाजी घरी येऊन तेवढा तुकडा जोडायचा.

भैरवनाथाच्या उत्सवात ही रेल्वे देवळासमोर मांडली तेव्हा खरी मजा झाली. जो तो वाकून आपलं वावर शोधायला लागला.

“आरं, गोरखच्या बांधावरनं नेलीस आन् माझ्या नाय व्हय? त्यानं तुला काय चारलं?” हौशीराम कावला.

“तुमच्या वावरात टाकीचा चौथरा दिलाय की भाऊ.”

“चौथरा काय करायचाय? गाडी दे! आमचं म्हातारं गाडीच्या आवाजावर उठायचं.”

रेल्वे आपल्या शिवारातून गेली होती ही केवढी अब्रूची गोष्ट! कुणाच्या आजानं तिला खांदा दिला होता, कुणाची आजी तिच्यात बाळंत झाली होती.

आता अंबाजीची थोरली बहीण मुक्ताबाई, त्याची आक्का, तिचं ऐका. तिला न्हाण यायच्या आधीच खालच्या वाडीत दिली होती. नवरा गेणू. मोठा कष्टाचा गडी. वाडीवर एक टेपाड आहे, त्याच्या खालच्या अंगाला त्याची नुसती खडकाळ उतरण होती. त्यानं दगड फोडले, ताली घातल्या, ओढ्याकाठची माती पाटीनं वाहून आणली आणि डोंगराच्या कमरेला करदोडा बांधावा तसं एक लांबलचक, अरुंद, सपाट खाचर केलं. गेणू गेला, खाचर राहिलं. मुलगा आदिनाथ तळेगावात टेम्पो चालवतो. त्याची मिळकत त्यालाच पुरत नाही. म्हातारीची वर्षाची तांदळाची कणगी त्या खाचरावर भरते.

गोठ्यातलं पायडल मारायचा मान आक्काचा. लुगडं आवरून ती पाटावर बसायची आणि लहान पोरीसारखी डोळे मोठे करून गाडीकडं बघायची. एकदा गाडी टेपाडाच्या पाठीमागं शिरली तसं तिनं पायडल थांबवलं.

“आंबू, ही हितनं खालनं आण की रं.”

“खालनं नव्हती आक्का. वरनं जायची. करवंदीच्या जाळीतनं. तितं रुळाखाली मोरी न्हाई का, मुठं-खेकडं धरायला शिरायचो ती?”

“ते ठावं हाय मला. मी काय आंधळीय? पर सासरी आले तवा बा ह्या गाडीवर असायचा. खाचरात माती टाकताना शिट्टी यायची. टेपाड मधी. शिट्टी आयकू यायची आन् बा दिसायचा न्हाई.” तिनं पायडलवरचा पाय काढला. “खऱ्यात न्हाई दिसला. ह्या खोट्यात तरी दिसू दे. तुला काय कुणाचा दंड पडतोय?”

दंड कुणाचा पडणार होता? त्या दिवशी अंबाजीनं टेपाडामागच्या काड्या उचकटल्या आणि गेणूच्या खाचरातून, आक्काच्या दारावरून लाईन वळवली. तिच्या घरापाशी सुतळीच्या गुंडीएवढी एक बाई उभी केली. इंजिनामागच्या डब्यावर मुंडासं घातलेला एक गँगमन चिकटवला. आक्कानं पायडल मारलं. गाडी बाईसमोरून गेली. आक्का नाक पुसत बसली. अंबाजीला वाटलं, इतक्या वर्षांत आपल्या हातून एक धड काम झालं.

पुढं गंधार आला.

हा तळेगावचा पोरगा, हिंजवडीत कॉम्प्युटरच्या कंपनीत. पाच दिवस नोकरी करायची आणि शनिवार-रविवार मोडक्या रेल्वेलाईनी हुडकायच्या, असं त्याला वेड. उत्सवातला कुणीतरी टाकलेला फोटो बघून तो मोटरसायकलवर थेट गोठ्यात. छत्रीच्या काड्या पाहून तो मटकन खालीच बसला.

“काका, हे तुम्ही एकट्यानं केलंत? मला ही सगळी लाईन चालायचीय. तुमच्याबरोबर.”

आयुष्यात अंबाजीला असं कुणी म्हटलं नव्हतं. तो त्याला घेऊन दोन दिवस हिंडला. पुलाच्या पायाशी गंधारनं दगडाला हात लावून डोळे मिटले, तसं अंबाजीला त्याच्यावर पोटच्या पोरासारखी माया आली. टाकीच्या चौथऱ्यापर्यंत खुणा नीट लागल्या. त्याच्या पुढं टेपाड. खरी वाट टेपाडामागं जात होती, पण तिथं आता एका रिसॉर्टचं कुंपण होतं. करवंदीची जाळी बुलडोझरनं लोटून, भराव टाकून त्यांनी हिरवळ केली होती. मोरी त्या हिरवळीच्या पोटात.

“इथून पुढे कुठे जाते?” गंधारनं विचारलं.

अंबाजी घुटमळला. इतक्यात खालून आक्कानं हाळी दिली, “आरं पावण्याला चहाला आण!”

खाचराच्या बांधावर उभा राहून गंधारनं इकडून तिकडं नजर टाकली आणि ओरडलाच, “काका, हीच! बघा ना किती सरळ पट्टा आहे! एवढी सपाटी डोंगरात आपोआप होत नाही. मॉडेलमध्येही तुम्ही इथूनच नेलीय.”

त्यानं मोबाईल आक्कासमोर धरला. “आजी, गाडी कुठून जायची?”

आक्कानं पदर सारखा केला. फोटो निघतोय म्हटल्यावर ती ताठ बसली. “हितनं. माज्या वावरातनं. माजा बा व्हता तिच्यावर.”

अंबाजीच्या हातात चहाची बशी होती. ‘न्हाई रं बाळा, ते आपलं मॉडेलातलं,’ एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पण पावणा एवढा खुशीत, आक्का एवढी ताठ. तो चहा फुंकत राहिला.

गंधारनं फिल्म केली. वरून डोंगर, मध्ये अंबाजीचे हात, छत्रीच्या काड्या, मग आक्का. शेवटी वरून काढलेल्या चित्रावर लाल रेघ, कामशेतपासून खडकवहाळपर्यंत. लाखो लोकांनी ती पाहिली. मुंबईहून गाड्या यायला लागल्या. महिनाभर अंबाजी रस्त्यानं जाताना पोरं शिट्टी घालायची आणि तो हात दाखवायचा.

ती फिल्म रिसॉर्टवाल्यानंही पाहिली. त्याला रस्ता हवा होता. वरून कडा फोडावा लागला असता, आणि फोडला असता तर दगडमाती त्याच्याच हिरवळीवर आली असती. खालून मात्र आयती सपाटी पडलेली. लाईनची जागा सरकारी. गावानं ती वावरात घेतली तरी सरकारचीच, असा त्याचा अर्ज गेला. जुना नकाशा कुठल्याच कचेरीत सापडेना. मग मोजणीवाले साहेब ती फिल्म मोबाईलवर घेऊन गावात आले आणि गोरखच्या बांधापासून आक्काच्या दारापर्यंत चुन्याची फक्की पडली. मध्ये मध्ये लाल डोक्याच्या खुंट्या.

देवळात बैठक बसली. मोजणीचे साहेब, रिसॉर्टचा एक माणूस आणि अख्खा गाव. गावानं आदल्या रात्रीच ठरवलं होतं.

“रेल्वे? कसली रेल्वे?” हौशीराम उठून म्हणाला. “साहेब, आमच्या शिवारात यष्टी धड येत न्हाई, रेल्वे कुटनं येनार?”

“पिढ्यान् पिढ्या भात पिकतंय तितं,” गोरख म्हणाला.

“तुमच्याच उत्सवात मॉडेल मांडलं होतं ना?” साहेबांनी विचारलं.

“ते आरास व्हती. मागल्या साली आमी विमान क्येलतं. मग काय इमानतळ हाय का हितं?” हौशीराम म्हणाला.

लोक हसले. साहेबही हसले. मग त्यांनी मान वर केली. देवळाची कौलं ज्यांवर टेकली होती ते काळेभोर रूळ इकडच्या भिंतीपासून तिकडच्या भिंतीपर्यंत गेले होते, खिळ्यांच्या जागांसकट. साहेब त्यांच्याकडं बघत राहिले. हळूहळू सगळा गावच वर बघायला लागला. हौशीराम खाली बसला.

त्या शांततेत अंबाजी उठला. आक्का बायांच्या घोळक्यात खांबाला टेकून बसली होती.

“साहेब, गाडी व्हती,” तो म्हणाला.

“ह्येच्या आयला ह्येच्या,” मागून कुणीतरी म्हणालं.

“व्हती साहेब. पर आक्काच्या खाचरातनं न्हाई. ती वरनं, टेपाडामागनं जायची. खाली मी आणली.”

“तुम्ही आणलीत? कशी?”

“काड्या उचकटल्या आन् खाली बसवल्या.”

“कशाला पण?”

अंबाजीनं आक्काकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली होती. बा दिसत नव्हता म्हणून, हे एवढ्या माणसांत कसं सांगायचं?

“आक्का म्हणली, म्हणून.”

रिसॉर्टच्या माणसाला हसू आवरेना. साहेब हसले नाहीत. माणूस वाईट नव्हता. त्यांनी अंबाजीच्या खांद्यावर हात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “बाबा, बहिणीसाठी बोलताय. मला समजतं. माझीही बहीण आहे. पण बाईंनी स्वतः दाखवलंय, तेही सगळ्या जगासमोर.”

“मोरी दावतो की साहेब! दगडाची मोरी हाय वरती!”

गेले सगळे वर. कुंपणाच्या आत पाणी मारलेली हिरवळ पसरली होती, तिच्यावर पांढऱ्या खुर्च्या. अंबाजीनं गजांतून हात घालून जागा दाखवली. “त्या खुर्च्यांच्या खाली. पुरुषभर खाली आसंल.” साहेबांनी खुर्च्यांकडं पाहिलं, अंबाजीकडं पाहिलं. आत उकरायची परवानगी नाही, असं फाटकावरच्या माणसानं नम्रपणे सांगितलं. सगळे परत उतरले. उतरताना गोरख त्याच्या शेजारून गेला आणि थुंकला. गाव नाही म्हणत होतं, ह्यानं होय म्हटलं. आणि ज्या बहिणीसाठी तोंड उघडलं तिचं तर काहीच वाचलं नाही.

गंधार धावत आला. चेहरा उतरलेला. फिल्म त्यानं काढून टाकली होती, पण ती आता दहा ठिकाणी दुसऱ्यांनी लावली होती. “मी साहेबांना भेटलो काका, सगळं सांगितलं. ते म्हणतात, आता मागे फिरायला पुरावा आणा.” मग त्यानं विचारलं, “तुम्ही तेव्हाच का नाही बोललात? बांधावर? मी लगेच खोडलं असतं.”

अंबाजीनं गोठ्यातल्या डोंगरावरची धूळ बोटानं पुसली. त्याला आठवलं ते एवढंच, की चहा गरम होता.

आषाढ लागला. भाताच्या लावणीला गाव वाकलं. फक्की कधीच वाहून गेली होती, खुंट्या मात्र चिखलात उभ्या होत्या. आदिनाथ तळेगावहून आला, खुंट्या उपटायला निघाला. आक्कानंच त्याला धरलं. कोर्टात जायचं तो म्हणाला, आणि टेम्पोची पाळी होती म्हणून निघून गेला.

अंबाजीनं गोठ्यात बसून खाचरातल्या काड्या पुन्हा उचकटल्या. एकेक करून टेपाडामागं, खऱ्या जागी, चिकटवल्या. मोरी केली. करवंदीच्या जाळीसाठी घासणीचे तुकडे लावले. कोण येणार होतं बघायला? उत्सवाच्या कमिटीनं पुढल्या वर्षी रेल्वे नको म्हणून आधीच सांगितलं होतं. तरी त्यानं केलं. कोपऱ्यात बसून आपलीच चूक निस्तरावी तसं.

शेवटची काडी वाळत होती तेव्हा आक्का आली. डोक्यावर इरलं, पायाला चिखल. इरलं दाराशी टेकवून ती पाटावर बसली.

“आंबू, रोप लय वाढलंय. पिवळं पडाय लागलंय. लावू का नको?”

अंबाजीनं बोटांवरचा डिंक चोळून काढला.

“लावलं आन् त्यांनी बुलडोझर घातला तर? न्हाई लावलं आन् न्हाईच आले तर?”

“काय सांगू आक्का.”

“व्हय. तू तरी काय सांगणार.”

हे ती रागानं म्हणाली नाही, तेच त्याला जड गेलं. तिनं दारांवर नजर फिरवली. आपलं खाचर मोकळं झालेलं तिनं पाहिलं, त्यात रुळांचे डिंकाचे डाग राहिले होते. घरापाशी सुतळीच्या गुंडीएवढी बाई तशीच उभी होती, टेपाडाकडं तोंड करून. आक्कानं लुगडं आवरलं आणि पायडलवर पाय ठेवला.

गाडी कामशेतहून निघाली. ओढ्यावरून आली, टाकीच्या चौथऱ्यापाशी लचकली आणि टेपाडामागं शिरली. आक्का खाली वाकली, मान तिरकी केली, दुसऱ्या बाजूनं बघितलं.

“न्हाई दिसत,” ती म्हणाली.

“न्हाईच दिसायची आक्का. तशीच व्हती.”

“शिट्टी तरी घाल.”

अंबाजीनं ओठ जुळवले. पुढचे दात पडल्यापासून त्याच्या तोंडून नुसता वारा निघायचा. तेवढाच निघाला. गाडी शेवटच्या खुंटाला जाऊन टेकली, मशीनच्या चाकावरचा पट्टा सटकून फिरायला लागला, आणि आक्का कान देऊन पायडल मारत राहिली.